बंदराचे दर्शन आणि आपली प्रवासवर्णने

सुटीच्या दिवसांत शिडाची नौका भाड्याने घेऊन ग्रीस देशाच्या बेटांतून आठ-पंधरा दिवस हिंडावयाचे, ही हौस आता आपल्या सुखवस्तू मंडळींस, विशेषतः परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस, अपरिचित राहिलेली नाही. त्या सफरींची वर्णने दिवाळी अंकांतून व रविवारच्या पुरवण्यांतून अधूनमधून वाचावयास मिळतात. ती आम्ही आवडीने वाचतो. परंतु वाचून झाल्यावर एक शंका मनात उरते. पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, सूर्यास्त, भाजलेला मासा आणि शेवटी सॉक्रेटिसाविषयी एक परिच्छेद, हा क्रम बहुधा ठरलेला असतो. वर्णनातील गावाचे नाव पुसून तेथे दुसऱ्या बंदराचे नाव घातले, तर एकही वाक्य बदलावे लागू नये, अशी स्थिती पुष्कळदा आढळते. मग लेखकाने पाहिले ते काय?

हा दोष आळसाचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. मीना प्रभू यांनी 'ग्रीकांजली' हा संपूर्ण ग्रंथ एकट्या ग्रीसवर लिहिला; तेव्हा त्या देशाविषयी आपल्या भाषेत आस्था नाही, असे कोण म्हणेल? कारण निराळे आहे. इंग्रजी विद्या घेतलेल्या आपल्या पिढ्यांस ग्रीस भेटला तो वर्गात. होमर इंग्रजीतून वाचला, ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र परीक्षेपुरते पाठ केले. मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटी एडन, सुवेझ, पोर्ट सैद असे टप्पे घेत पुढे मार्सेल किंवा जिब्राल्टरकडे जात. त्यांच्या नेहमीच्या वाटेवर ग्रीक बंदर नसे. यामुळे आमच्या मनातील ग्रीसमध्ये देवळे आहेत, नाट्यगृहे आहेत, तत्त्ववेत्ते आहेत. धक्का, गोदी आणि हमाल मात्र नाहीत. प्रवासी हे चित्र बरोबर नेतो, ते जुळते की नाही एवढे पाहतो, आणि जुळले म्हणून संतुष्ट होऊन परततो.

या ठिकाणी एका जुन्या पुस्तकाची आठवण करून द्यावीशी वाटते. कारण त्यात हाच प्रवास उलट दिशेने झालेला आहे. 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' हे ते पुस्तक. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास ते ग्रीक भाषेत लिहिले गेले. कर्त्याचे नाव अज्ञात आहे. परंतु 'आमच्या इजिप्तमधील झाडे' असा उल्लेख तो करतो, त्यावरून तो इजिप्तमध्ये राहणारा ग्रीक भाषिक व्यापारी असावा. अवघ्या ६६ लहान प्रकरणांत तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यापर्यंतची बंदरे त्याने सांगितली आहेत. त्याची भाषा रुक्ष आहे, कल्पनाविलास जवळजवळ नाही. आणि तरीही त्याने वर्णिलेल्या प्रमुख बंदरांपैकी एकाच्या जागी दुसरे ठेवता येत नाही.

भडोचचे वर्णन पाहावे. खाडीचे मुख अरुंद. उजवीकडे खडक, डावीकडे भूशिर. म्हणून राजाचे कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येतात आणि परक्या जहाजांस भरतीच्या हिशेबाने आत नेतात. भरतीचा लोंढा येतो तेव्हा दुरून सैन्याच्या आरोळीसारखा आवाज होतो, ही त्याची एकच उपमा. पण ती कानाने ऐकलेली आहे. तेथील बाजारात मिनँडर व अपॉलोडोटस या राजांची जुनी ग्रीक अक्षरांची नाणी अजून चालतात, हेही तो नोंदवितो. पुढे सोपारा आणि कल्याण येतात. कल्याण हे वडील सरगनाच्या काळी रीतसर व्यापाराचे बंदर होते. परंतु संदनेसच्या ताब्यात गेल्यापासून तेथे अडथळा झाला असून, चुकून शिरलेल्या ग्रीक जहाजास पहाऱ्यात भडोचला नेतात, असे तो सांगतो. एका वाक्यात दोन सत्तांचे वैर आणि एका बंदराचा ऱ्हास आला! त्यानंतर चौल व इतर बंदरांची नावे येतात. आणि त्यांच्याही पुढच्या बेटांजवळ चाचे आहेत, असा इशारा तो देऊन ठेवतो.

आम्हां सोलापूरकरांस मात्र त्यातील एक प्रकरण अधिक जवळचे आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे फार मोठे नगर, असे लेखक म्हणतो. हे तगर म्हणजे आज धाराशिव जिल्ह्यात मोडणारे, गोरोबाकाकांचे तेर, असे फ्लीट यांनी १९०१ साली मांडले व ते सामान्यतः मान्य झाले. पैठणचा अकीक आणि तगरचे साधे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचला येते, अशी त्याची नोंद आहे. आमच्या शहरातील मोठ्या गिरण्या बंद पडल्या, तरी सोलापूरचे नाव अद्याप चादरीवरूनच दूरदूर जाते. तेव्हा ही ओळ वाचताना आम्हांस काय वाटत असेल, ते सांगणे नको. तो स्वतः तेरला आला होता, असे त्याच्या शब्दांवरून दिसत नाही. परंतु समुद्रकाठच्या बंदराचा जीव दूरच्या मागावर आणि गाडीवानावर अवलंबून असतो, हे त्याने ओळखले होते. बंदर हे मुलखाचे तोंड आहे; मुलूख न विचारता त्या तोंडाचे वर्णन कसे व्हावे?

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या ग्रंथकारास माणूस दिसत नाही. राजासाठी आणावयाच्या मालाची यादी देताना तो रुप्याची भांडी, उंची मद्य, गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी सुंदर कन्या ही सर्व एकाच श्वासात मोजतो. त्याची लेखणी क्षणभरही अडखळत नाही. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी स्तंभ दान दिल्याचे लेख आहेत. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती सापडली आहे. अशा गोष्टी या व्यापाऱ्याच्या वहीत बसत नाहीत. म्हणून हे पुस्तक जसेच्या तसे गिरवावे, असे आमचे म्हणणे नाही. केवळ भाव विचारणारा प्रवासी अपुरा; पण केवळ पाठ्यपुस्तक आठवणारा प्रवासीही तितकाच अपुरा.

उदाहरणादाखल पेलोपोनीसमधील नाफ्प्लिओ हे बंदर घेऊ. पाण्याच्या मधोमध बूर्झी नावाचा लहानसा किल्ला. गावावर पालामिदीचा थोरला दुर्ग, तो व्हेनिसकरांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला. स्वतंत्र ग्रीसची राजधानी १८३४ पर्यंत येथे होती. नंतर ती अथेन्सला गेली. हे पाहून आपल्या लेखकास पार्थेनॉन आठवतो; वास्तविक आठवावयास हवा तो मुरुडचा जंजिरा, मालवणचा सिंधुदुर्ग! पाण्यातील तट कोणासाठी आणि कोणाविरुद्ध उभा राहतो, हे ज्याने कोकणात पाहिले त्यास इंग्रजी मार्गदर्शिकेची गरज नाही. राजधानी गेल्यावर बंदराचे काय होते, पाठीमागच्या अर्गोलिसच्या मैदानातील संत्री कोणत्या वाटेने जातात, हे प्रश्न चौलच्या भग्न वास्तूंतून हिंडलेल्या माणसास आपोआप सुचले पाहिजेत.

शिडाच्या नौकेने जाणाऱ्यास तर ही संधी विशेष असते. तो विमानाने उतरणाऱ्याप्रमाणे पाठीमागून गावात शिरत नाही. बंदर ज्या बाजूने पाहावयाचे, त्याच बाजूने येतो. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटला की त्यास एखादे दिवशी धक्क्यावरच अडकून बसावे लागते. हा दिवस बहुतेक वर्णनांत 'फुकट गेला' या दोन शब्दांत संपतो. आमच्या मते त्याच दिवशी खरे लेखन सुरू व्हावयास हवे. कारण त्या दिवशी प्रवासी आणि गावचा कोळी एकाच वाऱ्याच्या तावडीत असतात.

पेरिप्लसच्या कर्त्याने आपली बंदरे पोटासाठी पाहिली, आणि त्यामुळे सुमारे दोन हजार वर्षांनंतरही तेरचे कापड आपणांस दिसते. आपले प्रवासी त्याच्या भाषेच्या देशाची बंदरे हौसेने पाहतात. त्यांस घाई नाही, तोट्याची भीती नाही, आणि माणूस पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी त्या व्यापाऱ्याहून खचित अधिक आहे. तेव्हा पुढच्या दिवाळी अंकात सूर्यास्त एक कमी झाला तरी चालेल. शेजारच्या होडीतून काय उतरत होते आणि ते कोणाच्या घरी जात होते, एवढे आम्हांस वाचावयास मिळावे.