इस्लामी जगाचा इतिहास कसा शिकावा? – हॉजसन यांच्या त्रिखंडी ग्रंथाच्या निमित्ताने

मध्ययुगीन इस्लामी जगाचा इतिहास विद्यापीठात शिकायचा आहे, असे एखाद्या ख्रिस्ती घरातील मुलाने वा मुलीने बोलून दाखवले, तर 'हा विषय कशाला?' असाच प्रश्न प्रथम निघेल. प्रश्न गैर नाही. या विषयाशी आपला परिचय बहुधा तीन प्रसंगांपुरता असतो : १०९९ मध्ये क्रूसवीरांनी जिंकलेले जेरुसलेम, १३२१ मध्ये ठाण्यात रक्तसाक्षी झालेले चार फ्रान्सिस्कन, आणि १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगिजांना दिलेली वसई. तिन्ही प्रसंग खरे आहेत. पण तीन झरोक्यांतून सबंध वाडा दिसत नाही. शिवाय झरोक्यातूनही आपण पाहतो ते निवडूनच. ठाण्याच्या रक्तसाक्ष्यांना देहान्त देणाऱ्या अंमलदाराला दिल्लीच्या सुलतानाने पुढे कठोर शासन केले, असे ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहून ठेवले आहे. आपल्या प्रवचनांत तो भाग सहसा येत नाही.

सबंध वाडा दाखवण्याचा प्रयत्न करणारा ग्रंथ म्हणून मार्शल हॉजसन यांच्या 'द व्हेंचर ऑफ इस्लाम'चे नाव आजही घेतले जाते. १९७४ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो तीन खंडांत प्रसिद्ध केला. लेखकाने तो छापील स्वरूपात पाहिला नाही. १९६८ मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, हॉजसन यांचे निधन झाले आणि उरलेले संपादन त्यांचे सहकारी रूबेन स्मिथ यांनी पुरे केले. ग्रंथाचा जन्म वर्गातला आहे. शिकागोत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी इस्लामी संस्कृतीचा वर्षभराचा अभ्यासक्रम हॉजसन चालवीत, आणि त्याच्या टिपणांतून हा ग्रंथ वाढत गेला. म्हणून अगदी प्रारंभी विद्यार्थ्याचा हात धरलेला दिसतो : अरबी नावे कशी उलगडावीत, लिप्यंतर कसे करावे, चांद्र हिजरी वर्षाचा मेळ सौर वर्षाशी कसा घालावा. कंटाळून हा भाग ओलांडणाऱ्याला पुढे नावांच्या अरण्यात वाट सापडणार नाही.

हॉजसन स्वतः क्वेकर होते, शाकाहारी होते. दुसऱ्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून त्यांनी शस्त्र हाती घेण्यास नकार दिला होता. ही माहिती आम्ही केवळ चरित्र म्हणून देत नाही. अभ्यासकाची निष्ठा त्याच्या अभ्यासात उतरतेच. ती लपवण्यापेक्षा ओळखावी आणि उघड सांगावी, हे त्यांच्या पद्धतीचे पहिले सूत्र आहे. ख्रिस्ती अभ्यासक, मार्क्सवादी अभ्यासक, पाश्चात्त्य प्रगतीचा अभिमानी अभ्यासक यांपैकी प्रत्येकाला आपापल्या जागेवरून काय दिसते आणि काय दिसत नाही, याची त्यांनी चर्चा केली आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेकडे कसे पाहावे हे सांगताना ते लुई मासिन्यों या फ्रेंच कॅथलिक पंडिताचे ऋण मान्य करतात. बगदादेत ९२२ मध्ये देहदंड दिल्या गेलेल्या हल्लाज या सूफीच्या अभ्यासात मासिन्यों यांनी आयुष्य वेचले. परक्याचे दुःख आपल्या अंतःकरणात घेतल्यावाचून त्याचा इतिहास कळत नाही, ही त्यांची धारणा होती.

आमच्या मते दुसरा खंड हा ग्रंथाचा गाभा आहे. शालेय पुस्तकांतली कथा अशी : हारून अल् रशीदच्या काळी बगदादला वैभव आले, मग उतरती कळा लागली, आणि १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद लुटल्यावर सारे संपले. हॉजसन ही कथा मोडून काढतात. ९४५ मध्ये बुवैही सरदार बगदादेत शिरले आणि खलिफाची सत्ता नाममात्र उरली, हे खरेच. पण फिर्दौसी, इब्न सीना, अल् बिरूनी, गझाली, रूमी आणि शेवटी १४०६ मध्ये वारलेला इब्न खल्दून हे सारे त्यानंतरचे आहेत. केंद्रीय सत्ता मोडली आणि संस्कृती मात्र पसरली. कशी पसरली, तर मदरसे, सूफी परंपरा, व्यापारी वाटा आणि फारसी भाषा यांच्या आधाराने. राजवंश पडला की समाजही पडला असे समजण्याची आपली सवय या खंडाने हादरते.

याच खंडात ख्रिस्ती आणि इस्लामी धर्मजीवनाची तुलना आहे. एका परंपरेच्या केंद्रस्थानी देवाच्या उद्धारक प्रीतीला दिलेला प्रतिसाद आहे, तर दुसरीच्या केंद्रस्थानी सृष्टीत नीतीची व्यवस्था लावण्याची वैयक्तिक जबाबदारी आहे, असे हॉजसन मांडतात. आणि एकीच्या मापाने दुसरीला मोजले की ती अपुरी ठरणारच, असेही बजावतात. ही काही पाने तरी आपल्या वाचकांनी मिळवून वाचावीत.

आता त्यांच्या परिभाषेकडे वळू. 'इस्लाम' हा शब्द त्यांनी धर्मापुरता राखला. मुसलमानांची समाजव्यवस्था जेथे प्रधान होती त्या जगाला 'इस्लामडम' म्हटले. आणि त्या जगात वाढलेल्या, पण धर्माशी थेट न जोडलेल्या संस्कृतीसाठी 'इस्लामिकेट' हा शब्द घडवला. ज्यू, ख्रिस्ती, हिंदू यांचाही या संस्कृतीत वाटा आहे. शब्द कानाला खडबडीत लागतो, पण काम करतो. आपण मराठीत खुर्ची, कागद, वकील, अर्ज म्हणतो, तेव्हा कोणता धर्म उच्चारतो? फिलिप वॅगनर यांनी १९९६ मध्ये विजयनगरच्या हिंदू राजांचा दरबारी पोशाख आणि बिरुदे याच कल्पनेच्या आधारे उलगडून दाखवली.

तथापि याच ठिकाणी आमचा मुख्य आक्षेप आहे. दार उघडले, पण त्यातून ख्रिस्ती माणसे पुरेशी आत आली नाहीत. हुनैन इब्न इस्हाक हा नवव्या शतकातील नेस्टोरियन ख्रिस्ती वैद्य घ्या. गेलनच्या १२९ ग्रंथांच्या अनुवादांची नोंद त्याने स्वतः केली आहे. सिरियाक अनुवाद बहुधा ख्रिस्ती वैद्यांसाठी आणि अरबी अनुवाद मुसलमान आश्रयदात्यांसाठी, अशी वाटणी त्यात दिसते. गेलनच्या एका ग्रंथासाठी तो मेसोपोटेमिया, सिरिया, पॅलेस्टाईन आणि इजिप्त पालथा घालत अलेक्झांड्रियापर्यंत गेला, आणि हाती आली दमास्कसमधली अर्धी प्रत! पूर्वेकडील ख्रिस्तसभेचे प्रमुख पहिले तिमथी यांनी खलिफा अल् महदीशी धर्मचर्चा केली, आणि त्याच्याच सांगण्यावरून अॅरिस्टॉटलचा एक ग्रंथ अरबीत आणवला. अशा माणसांना ग्रंथाच्या मध्यभागी जागा हवी होती. हॉजसन त्यांना ओझरते भेटतात.

यामागे योगायोग नाही, त्यांची धर्मकल्पनाच आहे असे आम्हाला वाटते. धर्म म्हणजे एकेका व्यक्तीच्या अंतरीची साद, हा क्वेकर मनाचा ओढा ग्रंथभर जाणवतो. शहाब अहमद यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट इज इस्लाम?' या ग्रंथात नेमके यावरच बोट ठेवले : काव्य, तत्त्वज्ञान, मद्याचे पेले यांना 'इस्लामिकेट'च्या खात्यात टाकले की धर्म आक्रसून जातो. ज्यांचा धर्म मिस्सा, सण, मिरवणुका आणि गावकी यांच्यासह जगला जातो, त्या आपल्यासारख्यांना हा आक्षेप विशेष पटावा.

काही उणिवा काळाच्या आहेत. रिचर्ड बुलिएट यांनी १९७९ मध्ये चरित्रकोशांतील वंशावळी मोजून इराणचे धर्मांतर दोन-तीन शतके हळूहळू चालले असल्याचे दाखवले. ते संशोधन हॉजसन यांना लाभणे शक्यच नव्हते. समुद्राकडे मात्र त्यांनी अधिक पाहावयास हवे होते. नाईल ते ऑक्सस हे त्यांचे आवडते क्षेत्र. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांची नजर क्वचितच स्थिरावते. कोल्लमच्या तरिसापल्ली चर्चला ८४९ मध्ये मिळालेल्या दानाच्या ताम्रपटावर अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीत साक्षीदारांच्या सह्या आहेत. ख्रिस्तमंदिराच्या दानाला मुसलमान व्यापारी साक्षीदार! हॉजसन यांच्या सिद्धान्ताला याहून बळकट पुरावा कोठे मिळाला असता?

भाषेबद्दल एक शब्द. वाक्ये लांब, उपवाक्ये एकात एक अडकलेली, नवे शब्द पानोपानी. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यालाही सावकाश जावे लागेल.

'नोस्त्रा एताते' या १९६५ च्या घोषणापत्रात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती व मुसलमान यांना मागील वैरे विसरण्याचे आवाहन केले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र विसरण्याची मुभा नसते. जेरुसलेमची १०९९ मधील कत्तलही त्याने शिकायची आणि ठाण्याचे रक्तसाक्षीही. फक्त दोन्हींना एकच तराजू लावायचा. तो तराजू हाती धरण्याचा सराव वर्गातच होतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून अरबी किंवा फारसी यांपैकी एक भाषा पहिल्या वर्षापासून घ्यावी. ग्रंथ हाती घेणाऱ्याने पहिल्या खंडाचा प्रास्ताविक भाग वाचून थेट दुसऱ्या खंडाकडे जावे, उरलेला पहिला खंड मागाहून घ्यावा, आणि मोगल, सफवी व उस्मानी साम्राज्यांवरचा तिसरा खंड ग्रंथालयात निवांतपणी चाळावा. तो अपुरा राहिल्याच्या खुणा जागोजागी दिसतात.