कोरड्या भिंतीचं गणित : इको-निवास संहिता जुन्या इमारतीत बसून वाचताना

घरांच्या उष्णतेवर संशोधन करायचं ठरवलं की पहिल्या काही महिन्यांतच एक दस्तऐवज हातात येतो : इको-निवास संहिता, भाग १. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं डिसेंबर २०१८ मध्ये तो काढला. विषय आहे इमारतीचं बाह्य आवरण, म्हणजे भिंती, छत आणि खिडक्या. आपल्याकडे सगळे तो नियम म्हणून वाचतात, आकडे उचलतात आणि पुढे जातात. मला आज तो एक मजकूर म्हणून वाचायचा आहे. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करताना आपण लेखकानं काय गृहीत धरलंय ते शोधतो ना, तसंच. आणि वाचायची जागा आहे मुंबईची उपनगरं : मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली. तिथल्या साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या तीन-चार मजली सोसायट्या.

आधी संहितेच्या बाजूनं. तिचं काम सोपं करण्याचं आहे आणि ते तिनं चांगलं केलंय. भिंती आणि खिडक्या मिळून घरात सरासरी किती उष्णता येते, याचा एकच आकडा काढायचा. त्याला आरईटीव्ही म्हणतात. तो चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा जास्त नको. शीत विभाग यातून वगळलाय, तिथे वेगळा नियम आहे. छतासाठी स्वतंत्र मर्यादा : यू-व्हॅल्यू १.२ च्या वर नको. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा. आणि उष्ण-दमट विभागात उघडता येणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र चटईच्या १६.६६ टक्के, म्हणजे एक-षष्ठांश तरी हवं. महागडं सॉफ्टवेअर नसलेला वास्तुविशारदही हे हिशोब कॅल्क्युलेटरवर करू शकतो. ही छोटी गोष्ट नाही.

आता समीकरणाच्या आत बघूया. आरईटीव्हीच्या सूत्रात तीन पदं आहेत : भिंतीतून वाहून येणारी उष्णता, काचेतून वाहून येणारी उष्णता आणि काचेतून थेट आत शिरणारं ऊन. क्षेत्रफळ आहे, दिशा आहे, हवामान विभाग आहे. पाणी मात्र कुठेच नाही. भिंतीची उष्णतावाहकता कोष्टकातून घ्यायची आणि ती बारा महिने तीच राहते असं समजायचं. थोडक्यात, संहितेतली भिंत कायम कोरडी असते.

सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच सव्वादोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तोही वाऱ्याबरोबर, पश्चिम-नैऋत्येकडून तिरका. उपनगरातली कुठलीही जुनी इमारत ऑगस्टमध्ये बघा. पश्चिमेच्या भिंतीवर शेवाळाचे काळे ओघळ, प्लास्टरच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप, आतल्या बाजूला रंगाचे पोपडे. तळमजल्यावर जोत्यातून वर चढलेली ओल आणि भिंतीला लागलेला लोणा. डांबराचे नि काँक्रीटचे थर चढत जाऊन रस्ता उंच झाला असेल, तर तळमजला रस्त्याच्या पातळीखालीच गेलेला असतो. अशा भिंतीची कोष्टकातली वाहकता घेऊन काढलेला आकडा चूक नसतो, पण तो दुसऱ्याच कुठल्यातरी भिंतीचा असतो.

फरक किती पडेल? स्थिर हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२६, पाण्याची ०.६. म्हणजे वीसपटीहून जास्त. विटेच्या किंवा इन्सुलेशनच्या छिद्रांत हवेच्या जागी पाणी बसलं की उष्णता अडवण्याचं त्यांचं कामच कमी होतं.

छताचं उदाहरण घेऊन हिशोब पूर्ण करू. उघड्या काँक्रीट स्लॅबची यू-व्हॅल्यू ३ च्या वर असते. ती १.२ वर आणायची तर कागदावर किती थर्माकोल किंवा पफ लागेल? १.२ चा व्यस्त ०.८३. स्लॅब, प्लास्टर आणि दोन्ही बाजूंच्या हवेचा रोध मिळून ०.३ धरा. उरले ०.५३. फोमची वाहकता ०.०३५ धरली तर ०.५३ गुणिले ०.०३५, म्हणजे जेमतेम १९ मिलिमीटर. दोन सेंटिमीटरात प्रश्न सुटला! शोधनिबंध इथे संपू शकतो, आणि अनेकदा संपतोही.

पण तो दोन सेंटिमीटरचा थर लावायचा कुठे? जुन्या गच्चीवर बहुधा ब्रिकबॅट कोबा असतो : विटांचे तुकडे, सिमेंटचा माल, वरून चायना मोझॅक. साध्या विटेनं वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलं तरी भारतीय मानकाला चालतं. म्हणजे कोब्याला वर भेग पडली की खाली पाण्याचा साठा तयार होतो. पाऊस थांबून आठवडा झाला तरी वरच्या मजल्यावर टपटप सुरू राहते, त्याचं हे एक मोठं कारण. शिवाय चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो. वापरातल्या गच्चीवर माणसं-सामान यांचा जो भार मानकात धरतात, तो दीडशे किलोच्या आसपास आहे. जुना कोबा न काढता त्यावर दुसरा चढवला, तर काय होतं याचा अंदाज तुम्हीच करा.

गच्ची सोसायटीची, आणि सर्वसाधारण सभेत खर्चावर एकमत होत नाही. मग वरच्या मजल्यावरचं कुटुंब आपल्यापुरता उपाय करतं : आतून थर्माकोल आणि पीओपीचं फॉल्स सीलिंग. एप्रिल-मेमध्ये बरं वाटतं, आणि संहितेच्या गणितात हे छत पासही होतं. पण स्लॅबची खालची बाजू आता दिसत नाही. वरून पाणी मुरतंय, आतल्या सळ्या गंजतायत, गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडतो. आधी ओलीचा डाग दिसला असता, भेग दिसली असती, कुणीतरी आरडाओरडा केला असता. आता पहिली खबर मिळते ती छताचा तुकडा खाली येतो तेव्हा. मुंबई महापालिका कायद्यात तीस वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे, पण तपासणाऱ्या इंजिनिअरलाही पीओपीच्या आरपार दिसत नाही. संहितेची माझी मुख्य तक्रार इथे आहे. उष्णतेच्या हिशोबात पास होणारा उपाय ओलीच्या हिशोबात धोकादायक असू शकतो, आणि तिच्या भाषेत हे सांगायला शब्दच नाही.

आता बाष्पाची दिशा. थंड देशांतली पाठ्यपुस्तकं सांगतात : हिवाळ्यात आतली उबदार, दमट हवा भिंतीतून बाहेर जायला बघते, म्हणून बाष्परोधक थर आतल्या बाजूला लावा. आपल्याकडे थंडीचा प्रश्नच नाही. सांताक्रूझचं नोंदलेलं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही जानेवारी १९६२ चं. उलट जुलैतली एक रात्र घ्या : बाहेर ३० अंश, आर्द्रता ८५ टक्के. या हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. आत एसी २४ वर चालू. बाष्प बाहेरून आत येणार आणि २७ अंशांपेक्षा थंड पृष्ठभाग भेटला की तिथे पाणी होणार. अशा वेळी आतून ऑइलपेंट किंवा व्हायनिलचा वॉलपेपर लावणं म्हणजे पाणी भिंतीतच कोंडणं. थंड देशातला नियम इथे बरोबर उलटा लागतो. आणि एसी नसलेल्या शेजारच्या खोलीत दोन्ही नियम फारसे लागू नाहीत! एकाच मजल्यावर, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी भौतिकशास्त्रं.

नियम असा उलटा पडल्याचं एक उदाहरण अमेरिकेत आहे आणि ते संशोधकांनी नक्की वाचावं. तिथल्या अनेक घरांत जमीन आणि लाकडी फरशी यांच्यामध्ये माणूस रांगत जाईल एवढी बुटकी पोकळी असते. ओल साचू नये म्हणून तिला झरोके ठेवा, असं बांधकाम नियम कित्येक दशकं सांगत होते. वारा खेळला की वाळतं, हे तर्काला धरूनच होतं. पण आग्नेय अमेरिकेचा उन्हाळा दमट. झरोक्यांतून आलेली हवा थंड लाकडाला लागून तिथे ओल वाढवत होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रिन्सव्हिल गावात २००० नंतरच्या काही वर्षांत बारा घरांमध्ये प्रत्यक्ष मोजमापं झाली, आणि जमिनीवर प्लास्टिक अंथरून झरोके बंद केलेल्या पोकळ्या जास्त कोरड्या निघाल्या. कुठलंही नवं सूत्र यासाठी लागलं नाही. आर्द्रता मोजणारी यंत्रं लावून धीर धरावा लागला.

आपला खिडक्यांचा नियमही याच नजरेनं बघा. एक-षष्ठांश क्षेत्र ‘उघडता येणारं’ हवं. पण तिरक्या पावसात त्या खिडक्या बंद असतात, आणि बाल्कनी तर केव्हाच आत घेतलेली असते. दोरीवर ओले कपडे, कारण बाहेर वाळत घालायला जागा नाही. मशीनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांतही दोन-अडीच लीटर पाणी उरतं, आणि ते सगळं खोलीच्या हवेत जातं. वर्षातले जे चार महिने हवा खेळणं सगळ्यात गरजेचं, तेच हा नियम कागदावर राहण्याचे महिने.

हवामान विभागांचंही तसंच. मुंबई आणि चेन्नई दोन्ही ‘उष्ण-दमट’. भारतीयांना कोणतं तापमान सुखद वाटतं याचं प्रसिद्ध मॉडेल, आयमॅक, पाच शहरांतल्या कार्यालयांमधल्या पाहणीवर उभं आहे : अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली, सिमला. त्यात उष्ण-दमट विभागाच्या वतीनं बोलतं ते चेन्नई. चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. आपला जूनमध्ये, उन्हाळ्यानं तापलेल्या स्लॅबवर येतो. तापमान-आर्द्रतेच्या सरासरीत ही दोन शहरं जवळची वाटतील, पण भिंत केव्हा भिजते आणि तिला वाळायला किती वेळ मिळतो हे बघितलं तर नाहीत.

संहितेचा बचाव करणारे म्हणतील : ती नव्या बांधकामाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलीय, पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. पाण्याचा विचार राष्ट्रीय बांधकाम संहितेत आणि वॉटरप्रूफिंगच्या मानकांत आहे. एका दस्तऐवजानं सगळं का करावं? हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणून माझी टीका संहितेइतकीच तिच्या वापरावर आहे. जुन्या इमारतींच्या सुधारणेवर काम करताना आपण हातात असलेला आकडा घेतो आणि तोच यशाची कसोटी करतो. उष्णतेचा दस्तऐवज एकीकडे, पाण्याचा दुसरीकडे, आणि दोन्ही गोष्टी एकाच भिंतीत घडतायत हे बघणं कुणाच्याच वाट्याला येत नाही.

लोकांनी मात्र हा जोड-हिशोब केव्हाच केलाय. गच्चीवरची पत्र्याची शेड घ्या. दिसायला ओबडधोबड, परवानगीची कटकट, वादळात पत्रे उडण्याची भीती. तरीही तिच्यामुळे स्लॅबवर ऊन पडत नाही, पाऊस पडत नाही, मधून वारा जातो आणि भिजलेला कोबा वाळतो. एकाच उपायात सावली, छत्री आणि वाळवण. यू-व्हॅल्यूच्या कोष्टकात तिला ढोबळ जागा मिळेल फार तर, कारण तिचा निम्मा फायदा स्लॅब कोरडा ठेवण्यात आहे. ती सगळीकडे योग्यच, असं मी म्हणत नाही. पण तिची मोजमापं घेण्याच्या लायकीची नाही असं आपण का ठरवलं, हे विचारायला हवं.

आणखी एक गुंता पुनर्विकासाचा. ‘पाच-सात वर्षांत इमारत पडणारच आहे, कशाला खर्च?’ हे वाक्य प्रत्येक सभेत ऐकू येतं. ती पाच-सात वर्षं कधी पंधरा होतात आणि तेवढे पावसाळे वरच्या नि खालच्या मजल्यावरची माणसं काढतात. त्यामुळे आपल्याला हवेत स्वस्त, काढून टाकता येणारे आणि स्लॅब उघडा ठेवणारे उपाय. परतफेडीचा काळ वीस वर्षं धरणारं विश्लेषण इथे कामाचं नाही.

तुम्ही प्रस्ताव लिहायला बसला असाल, तर तीन गोष्टी करून बघा. एक, प्रश्न ‘किती इन्सुलेशन?’ असा न मांडता ‘ही भिंत भिजते कशी आणि वाळते कुठून?’ इथून सुरू करा. दोन, ज्या हवामान-फाइलवर सिम्युलेशन चालवणार, तिच्यात पावसाचा रकाना भरलेला आहे का ते उघडून तपासा. बहुतेकदा तो रिकामा असतो. भिंतीतल्या बाष्पासाठी सरसकट वापरली जाणारी ग्लेझर पद्धत घेणार असाल, तर तीत पाऊस आणि केशाकर्षणानं चढणारं पाणी धरलेलं नसतं हे प्रबंधात स्पष्ट लिहा. तीन, मोजणी मे महिन्यात उरकू नका. सेन्सर जूनच्या आधी लावा आणि दिवाळीपर्यंत ठेवा. वरचा मजला, मधला मजला, तळमजला, तिन्हीकडे. एका पावसाळ्याची अशी नोंद हाताशी असली, तर संहितेच्या पुढच्या आवृत्तीला काय विचारायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा नीट सांगता येईल.