सोनेरी अक्षरांची झगमग

सिनेमाच्या आधी येणाऱ्या व्हिडिओ कंपन्यांच्या चिन्हांकडे आपल्या समीक्षेने कधी ढुंकूनही पाहिलं नाही. प्रेक्षकांनी मात्र ती पाठ केली होती. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एका हाकेच्या अंतरावर ऐकू येतात. रात्रीपुरत्या भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर कॅसेट लावली की वाचता येवो न येवो, ती फिरती अक्षरं आणि तो सिंथेसायझर सगळ्यांनाच कळायचा.

लोगोच्या या तुकड्याच्या मागेपुढे कायदा होता. कॉपीराइट कायद्यात 1984 साली झालेल्या दुरुस्तीने व्हिडिओ फिल्मवर सेन्सॉरचं प्रमाणपत्र, ती काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कधारकाचा तपशील दाखवणं सक्तीचं केलं. पायरसीने हैराण झालेल्या कंपन्यांना आपली मालकी ठसवायचीच होती. त्या रुक्ष कागदपत्रांशेजारी त्यांनी लोगोची आरास मांडली. अक्षरं खोलातून गोल फिरत पुढे येतात, जागेवर बसतात, त्यांच्यावरून डावीकडून उजवीकडे एक तिरीप सरकते आणि शेवटच्या अक्षराच्या टोकाला चांदणी फुटते. सगळं कसं बँडवाल्याच्या कोटासारखं झगमगीत! कॉपीवरून कॉपी काढलेल्या कॅसेटवर लाल रंग कडांबाहेर ओघळायचा. लोगो किती फाटलाय यावरून प्रिंट कशी निघणार, याचा अंदाज सिनेमा सुरू होण्याआधीच यायचा.

कारागिरी होती, पण कल्पना तोकडी होती. 1929 साली कोल्हापुरात निघालेल्या ‘प्रभात’ची तुतारी फुंकणारी स्त्री आठवा. एक बाह्याकृती, एक ललकारी, बस्स. आर. के.चं चिन्ह तर ‘बरसात’च्याच (1949) प्रतिमेतून आलं. या संस्था सिनेमा घडवत होत्या, म्हणून त्यांच्या चिन्हांत त्यांची वृत्ती उतरली. व्हिडिओ कंपन्या हक्क विकत घेत होत्या, म्हणून त्यांच्या चिन्हांत फक्त मालकी चकाकली. मराठी चित्रपटांच्या व्हीसीडी काढणाऱ्यांनीही बहुतांशी तीच उसनी झळाळी पत्करली. हाताशी तुतारीचा वारसा असताना हे घडलं, ही खरी खंत.

2007 साली मोझर बेअर या कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणली. डिस्क घरची झाली, रिमोट हातात आला आणि लोगो पुढे ढकलता येऊ लागला. ‘अल्ट्रा’ आणि 1962 साली वाचनालय म्हणून सुरू झालेली ‘शेमारू’ आज यूट्यूबवर जुने सिनेमे दाखवतात. तिथे कोपऱ्यातला ठसा सिनेमाभर चिकटून बसतो. पूर्वीचा लोगो निदान आपलं काम उरकून बाजूला व्हायचा.

दूरदर्शनच्या चिन्हाचं श्रेय राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) देवाशिष भट्टाचार्य यांच्या नावावर नोंदलेलं आहे. कॅसेटवरची ही सोनेरी अक्षरं ज्यांनी संगणकावर फिरवली, त्यांची नावं त्या कॅसेटवर शोधून सापडत नाहीत. जुना सिनेमा स्वच्छ करून नव्याने चढवताना आधीचा लोगो कापून टाकण्याऐवजी सालासकट वेगळा जपला, तर संगणकाशी आपली पहिली झटापट कशी झाली, हे पुढच्या अभ्यासकाला नीट मांडता येईल. हक्क कंपन्यांकडे आहेत. तेव्हा ही जबाबदारीही त्यांचीच.