प्रेक्षागार की क्रीडागार?

बुलढाणा शहरातल्या मैदानाचे नाव जिजामाता प्रेक्षागार. सिंदखेडराजा याच जिल्ह्यातले, म्हणून जिजामातांचे नाव ओघानेच आले. विचार करायला लावतो तो दुसरा शब्द. प्रेक्षागार म्हणजे पाहणाऱ्यांचे घर. खेळणाऱ्यांचा त्यात उल्लेख नाही. केवळ नावावरून निष्कर्ष काढू नये हे खरे. पण महाराष्ट्रातल्या मोठ्या क्रीडासंकुलांचा इतिहास पाहिला, तर हा शब्द त्यांच्यातल्या अनेकांना लागू पडतो.

मुंबईत बॅकबेचा समुद्र बुजवून मिळवलेल्या जमिनीवर १९३७ साली ब्रेबर्न स्टेडियम उभे राहिले. क्रिकेटखेरीज टेनिस, पोहणे यांचीही सोय त्या आवारात झाली. पण ती क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या सभासदांसाठी. पुढे क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात बिनसले ते तिकिटांच्या वाटपावरून. त्या भांडणातून हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम बांधले गेले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. इतक्या महागड्या जागेत शेजारी-शेजारी दोन स्टेडियमे झाली, ती खेळाडूंना मैदान अपुरे पडले म्हणून नव्हे, तर खुर्च्यांसाठी.

पुण्याजवळचे म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. धावपट्टी, जलतरण तलाव, सायकलिंगचा वेलोड्रोम अशा सोयी एकाच आवारात आल्या, याचे श्रेय स्पर्धेच्या तारखेला द्यायलाच हवे. मात्र तारीख समोर ठेवून बांधलेल्या वास्तूचा आराखडा समारंभाचा असतो. समारंभानंतरच्या सोमवारी सकाळी तिथे कोण येणार, हा प्रश्न मागे पडतो.

लंडनने तो आधी विचारला. स्ट्रॅटफर्डच्या जुन्या कारखान्यांच्या जमिनीतली दूषित माती धुऊन तिथे २०१२ चे ऑलिंपिक उद्यान केले. जलतरण केंद्रात स्पर्धेपुरत्या सुमारे १७,५०० जागा होत्या. नंतर दोन्ही बाजूंच्या तात्पुरत्या गॅलऱ्या उतरवून सुमारे २,५०० ठेवल्या आणि २०१४ मध्ये तलाव सर्वांसाठी खुला केला. तिथले मुख्य स्टेडियम बदलताना मात्र खर्च हाताबाहेर गेला. म्हणजे त्यांचेही सगळे साधले असे नाही. तलावापुरता धडा घ्यावा.

आता पुन्हा बुलढाणा. मे २०२३ मध्ये इथल्या प्रथमेश जावकारने शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवून कंपाउंड धनुर्विद्येचे सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्णविजेत्या संघातही तो होता. या प्रकाराला काय लागते? पन्नास मीटरची मोकळी, सुरक्षित जागा, निशाण, महागडे धनुष्य आणि रोज बाण सुटताना मागे उभा राहणारा प्रशिक्षक. प्रेक्षकांच्या गॅलरीवाचून यातले काहीही अडत नाही.

राज्याने तालुका, जिल्हा आणि विभाग अशा तीन पातळ्यांवर क्रीडासंकुलांची योजना आखली, ही मोठी गोष्ट आहे. तिच्यातला धोका एकसाच्याचा. जिल्हा धनुर्धरांचा असो की कुस्तीगिरांचा, आराखड्यात गॅलरी आणि रस्त्याकडेला दुकानांचे गाळे आधी येऊन बसतात. गाळ्यांवर आक्षेप नाही. लहान शहरात तिकिटाचे उत्पन्न चार दिवसांचे, भाडे बारमाही. पण त्या भाड्यातून पहिला हप्ता प्रशिक्षकाच्या पगाराचा आणि निशाणांच्या दुरुस्तीचा निघावा, रंगरंगोटी त्यानंतर.

म्हणून संकुलाचे मोल ठरवताना आसनक्षमता विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. फाटक दिवसातून किती तास उघडे असते? प्रशिक्षकाची जागा कायम भरलेली आहे का? आणि फी न परवडणारी मुलगी आत येऊ शकते का? उत्तरे समाधानकारक असतील, तर नाव प्रेक्षागार राहिले तरी बिघडत नाही.