साच्यातला नट आणि साच्याबाहेरची संहिता

निळू फुले म्हणजे इरसाल पाटील, ललिता पवार म्हणजे खाष्ट सासू, लक्ष्मीकांत बेर्डे म्हणजे सगळे घोटाळे निस्तरता निस्तरता नवे घोटाळे करणारा मित्र. मराठी प्रेक्षकाच्या मनात या जोड्या पक्क्या बसल्या आहेत. आपल्या समीक्षेनं या नटांच्या लोकप्रियतेचं कौतुक केलं किंवा ‘साच्यात अडकले’ म्हणून हळहळ व्यक्त केली. साच्यात राहून त्यांनी काय घडवलं आणि जेव्हा ते बाहेर पडले तेव्हा त्यांना बाहेर कोणी काढलं, हे प्रश्न मात्र मागेच राहिले.

साचा नट स्वतः निवडतो, हा पहिला गैरसमज. ललिता पवार मूकपटांच्या काळापासून नायिका होत्या. 1942 मध्ये चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड वर्मी लागली, चेहऱ्यावर लकव्याचा परिणाम झाला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. नायिकेचे दरवाजे बंद झाले. उरलेल्या दरवाजातून त्या आत शिरल्या आणि त्या अधू डोळ्यालाच त्यांनी धाक निर्माण करायला शिकवलं. 1944 च्या ‘रामशास्त्री’तली त्यांची आनंदीबाई आजही अंगावर येते. पुढे सासवांची रांग लागली. ‘अनाडी’मधल्या (1959) मिसेस डिसा वरून कडक आणि आतून मऊ होत्या. कडकपणा तोच, फक्त त्याखाली वात्सल्य ठेवलं होतं. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तरीही 1987 मध्ये ‘रामायण’ मालिका आली तेव्हा त्यांच्या वाट्याला मंथराच आली.

निळू फुल्यांची गोष्ट अधिक बोलकी आहे. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेला, लोकनाट्यात तयार झालेला हा नट 1968 च्या ‘एक गाव बारा भानगडी’तून पडद्यावर आला आणि तमाशापटांना हवा असलेला खलनायक मिळाला. त्या चित्रपटांचं गणित सोपं होतं: पैसा थोडा, चित्रीकरणाचे दिवस मोजके, म्हणून प्रेक्षकानं एकदा मानलेला चेहराच पुन्हा घ्यायचा. फुल्यांनी त्या चौकटीत काय केलं ते नीट पाहिलं पाहिजे. त्यांचा खलनायक ओरडत नाही. घोगऱ्या आवाजात, शब्द रेंगाळत सोडत तो बोलतो. नजर आधी पोचते, वाक्य मागून येतं. गावातली सत्ता कशी बसते, कशी हसते, कशी गप्प राहते, हे या नटानं कार्यकर्त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणूनच पटकथा पोकळ असली तरी त्यांचा पाटील पोकळ वाटत नाही.

‘सामना’त विजय तेंडुलकरांनी याच पाटलाला खरी संहिता दिली. जब्बार पटेलांच्या या चित्रपटातला हिंदुराव साखर कारखान्याचा, सहकाराचा, नव्या सत्तेचा मालक आहे. तो दारुड्या मास्तरला वाड्यावर आणतो, पाहुणचार करतो, आणि त्या आतिथ्यातच त्याची दहशत आहे. भूमिकेची जात तीच, लेखन वेगळं, आणि अभिनय थेट वरच्या पट्टीत गेला. 1979 मध्ये ‘सिंहासन’ आला. त्याच दिग्दर्शकानं आणि त्याच लेखकानं त्याच नटाला पत्रकार दिगू टिपणीस केलं: सत्तेचा खेळ जवळून पाहणारा, काहीच बदलू न शकणारा आणि शेवटी मनाचा तोल गमावणारा माणूस. पाटलाची सावलीसुद्धा त्यात नाही. एवढं सिद्ध झाल्यावरही व्यवसायानं फुल्यांकडे बहुतेक वेळा पाटीलच मागितला.

सदाशिव अमरापूरकरांच्या कारकिर्दीतही हेच दिसतं. ‘अर्धसत्य’मधला (1983) रामा शेट्टी मोजक्या दृश्यांत सगळा चित्रपट व्यापतो, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. ‘सडक’मधल्या (1991) महाराणीनं त्यांना फिल्मफेअरचा खलनायकासाठीचा पहिला पुरस्कार मिळवून दिला. त्या भूमिकेनं तृतीयपंथीयांची जी भेसूर प्रतिमा पसरवली तिचं समर्थन होऊ शकत नाही, पण अभिनयाची ताकद नाकारता येत नाही. त्यानंतर हिंदी सिनेमानं त्यांना दिलेल्या कितीतरी भूमिका या दोन भूमिकांच्या फिक्या नकला होत्या.

दोष केवळ निर्मात्यांचा नाही. ‘एक होता विदूषक’ (1992) जब्बार पटेलांनीच केला, पटकथा पु. ल. देशपांडे यांची. तमाशातून वर आलेला, हसवता हसवता राजकारणाच्या हातातलं बाहुलं झालेला कलावंत लक्ष्मीकांत बेर्डे यांनी जीव ओतून उभा केला. विनोदी नटाच्या आयुष्यातली ही मोठी उडी होती. प्रेक्षक मात्र फिरकला नाही. त्याला ‘धूमधडाका’तला लक्ष्या हवा होता. 2004 मध्ये बेर्डे गेले, तोवर तशी संहिता त्यांना पुन्हा मिळाली नाही. या अपयशाची जबाबदारी आपली, प्रेक्षकांचीही आहे.

दूरचित्रवाणीनं हा साचा आणखी घट्ट केला. ‘सीआयडी’ 1998 मध्ये सुरू झाली आणि 2018 पर्यंत सलग चालली. शिवाजी साटम एसीपी प्रद्युम्न म्हणून देशभर ओळखले गेले. मालिका चालू असतानाच त्यांनी ‘उत्तरायण’मध्ये उतारवयातलं संकोची, हळवं प्रेम साकारलं आणि ‘दे धक्का’त आजोबा रंगवले. हा अभिनेता किती दूर जाऊ शकतो, हे ‘उत्तरायण’ पाहिल्यावर कळतं. पण ओळख उरली ती एसीपीचीच. आजच्या दैनंदिन मालिकांत तर तालमीला वेळ नसतो. खलनायिकेची भुवई, सोशिक सुनेचा हुंदका ही रोजची उत्पादनं होतात आणि नट स्वतःचीच नक्कल करू लागतो.

माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. एकाच जातीच्या भूमिका करण्यात कमीपणा नाही. साच्यातही मोठा अभिनय होतो. नट खुजा होतो तो कमकुवत लेखनामुळे, आणि साचा मोडण्याची सुरुवात दिग्दर्शक आणि लेखकाच्या टेबलावरच व्हावी लागते. तेंडुलकर, पटेल, पु. ल. यांनी ते करून दाखवलं आहे. आजच्या लेखकांनी मालिकेतल्या एखाद्या ‘ठरलेल्या’ चेहऱ्यासाठी एक न ठरलेली भूमिका लिहावी. आणि ती आली की प्रेक्षकांनी पहिल्याच आठवड्यात तिकीट काढावं.