पावती पंतांना, दर्शन बादशहाला

दामाजीपंतांची गोष्ट माहीत नाही असा माणूस सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मंगळवेढ्यात त्यांचं देऊळ आहे, तिथल्या सहकारी साखर कारखान्यालाही त्यांचंच नाव. गोष्ट इतकी अंगवळणी पडली की ती नीट ऐकायची राहून जाते. ती ऐकावी महिपतीच्या ‘भक्तविजया’त, म्हणजे 1762 सालच्या ओवीत.

महिपती ताहराबादचा कुलकर्णी. पूजेत बसलेला असताना मुसलमान जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला, काम उरकून तो घरी परतला आणि यापुढे संतचरित्राखेरीज लेखणी चालवायची नाही असं त्याने ठरवलं, अशी त्याच्याबद्दल आख्यायिका आहे. दप्तर सुटलं, पण दप्तराची नजर कशी सुटेल? दामाजीचं आख्यान एका कुलकर्ण्याने सांगितलं आहे, हे वाचताना पावलोपावली जाणवतं.

कथा थोडक्यात अशी. बिदरच्या बादशहाच्या चाकरीत असलेले दामाजीपंत मंगळवेढ्याचा कारभार पाहतात. भीषण दुष्काळ पडतो. पंढरपूरहून आलेला एक ब्राह्मण पंतांच्या पंगतीत बसतो आणि मुलाबाळांच्या आठवणीने त्याला घास गिळवत नाही. पंत सरकारी धान्याची कोठारं उघडून देतात. हाताखालचा मुजुमदार बिदरला कळवतो. पंतांना धरून आणायला शिपाई येतात. वाटेत पंत पंढरपुरी विठ्ठलाचं शेवटचं दर्शन मागून घेतात. तोवर इकडे देव महाराच्या वेशात, काठी-घोंगडी घेऊन, पंतांच्या आधीच बिदरला पोचलेला असतो. ‘जोहार’ घालतो, धान्याची किंमत थैलीतून ओततो आणि पावती मागतो.

या पावतीपाशी मी दर वेळी थांबतो. चमत्कारच करायचा होता तर देवाने कोठारं पुन्हा भरली असती, किंवा बादशहाच्या छातीवर पाय देऊन उभा राहिला असता. महिपतीचा देव यातलं काही करत नाही. तो देणं चुकतं करतो. पंतांचा जीव वाचवायचा, पण बादशहाची बाकी बुडवून नाही. धान्य सरकारचं होतं, ते विचारल्यावाचून वाटलं गेलं, हा गुन्हाच होता. कथा तो नाकारत नाही. खजिना मुसलमानाचा म्हणून त्याचं बुडवलेलं चालतं, असंही ती सुचवत नाही. चुगली करणारा मुजुमदारही मुसलमान नाही, ब्राह्मण आहे. थैली ओतावी तितकी ओसंडते. तरी व्यवहार पुरा होतो तो कागदावर.

आता दर्शन कोणाला झालं ते पाहा. जन्मभर नाम घेणाऱ्या पंतांना त्या रूपात देव दिसलाच नाही. ते शिपायांच्या पहाऱ्यात वाटेवर होते. गीतेची पोथी उघडल्यावर त्यांच्या हाती आली ती चुकत्या बाकीची पावती. देव डोळे भरून पाहिला तो बिदरच्या बादशहाने. तो त्या रूपाने असा वेडावला आहे की पंत आल्यावर हिशेबाचं नावच काढत नाही, ‘तुमचा तो महार पुन्हा दाखवा’ एवढंच म्हणतो. पंतांना तेव्हा उलगडा होतो. धर्मांतर नाही, वाद नाही, कोणाचा पराभव नाही. बादशहा बादशहाच राहतो आणि भक्ताला त्याच्या भाग्याचा हेवा वाटावा अशी जागा त्याला मिळते. पुढे जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने ‘भक्तविजय’ इंग्रजीत आणला. त्याला या प्रसंगी काय वाटलं असेल, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं.

पुष्कळ कीर्तनकार हीच जागा घालवतात. बादशहाच्या तोंडी मोडकं दखनी घालून, डोळे वटारून त्याचा खलनायक करतात. टाळी मिळते, पण गाभा निसटतो. दुष्ट माणसाला झालेलं दर्शन वाया गेल्यासारखं वाटू लागतं.

आणि महारच का? पाटील-कुलकर्ण्यांच्या गावगाड्यात वसूल सरकारात पोचवणं, निरोप नेणं हे महाराचं काम. थैली घेऊन महार आला याचं दरबारात कोणालाच नवल वाटलं नसतं. महिपतीमधल्या कुलकर्ण्याने देवालाही कामाच्या वाटणीतच बसवलं आहे. उतरंडीच्या अगदी खालच्या पायरीवरचं ते रूप देवाने आपण होऊन घेतलं, हे या कथेचं मोठेपण. पण ते रूप त्याला काम होईपर्यंतच ल्यायचं होतं. ज्यांना ते जन्मभर वागवावं लागलं, त्यांतले चोखोबा याच मंगळवेढ्यात, 1338 साली, गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून तिच्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर आहे. आत जाण्याची मुभा त्यांच्या माणसांना मिळाली ती 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. विठू महाराचं आख्यान त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या रंगत होतं, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणीही येत होतं.

महार समाजाने बिदरच्या दरबाराची आपली वेगळी गोष्ट जपली आहे. तिच्यात देव नाही. अमृतनाक नावाचा महार आपल्या पायांनी जातो, बादशहाच्या बेगमेला सोडवून आणतो, आणि बक्षिसाची वेळ आली की स्वतःपुरतं काही न मागता जातभाईंसाठी बावन्न हक्कांची सनद लिहून घेतो.