नकाशावर नसलेले गाव

सफोक हा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील शेतीप्रधान परगणा. तेथील एका खेड्याचे चित्र म्हणून रोनाल्ड ब्लाइद यांचे ‘एकेनफील्ड’ हे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले आणि गाजले. परंतु सफोकचा नकाशा उलगडून हे गाव शोधू जाणाऱ्याची निराशाच व्हावयाची. एकेनहॅम आणि चार्सफील्ड या दोन खऱ्या गावांची नावे सांधून लेखकाने ते नाव बनविले आहे. बोलणाऱ्या माणसांची नावेही त्याने बदलली आहेत. फायलींच्या संगतीत ज्यांचा दिवस जातो अशा आमच्यासारख्यांना हे प्रथम खटकते. नाव, गाव आणि सही नसलेली जबानी कचेरीत पुढे सरकत नाही!

तरीही ही जबानी आम्ही दोनदा वाचली, आणि दुसऱ्या वाचनात आमचा आक्षेप बराचसा बोथट झाला. परमुलखात नोकरी करणारी आपण मंडळी गावाविषयी एका ठराविक सुरात बोलत असतो. चार मराठी डोकी जमली की पार, ओढा आणि काकडआरती यांचा उल्लेख व्हायचाच. ब्लाइद यांच्या गावातली, मागे राहिलेली माणसे या सुरात बोलत नाहीत.

पुस्तकाच्या आरंभीच एक वृद्ध शेतमजूर भेटतो. १९१४ साली तो सैन्यात भरती झाला आणि चार महिन्यांच्या शिक्षणात त्याचे वजन सहा किलोच्या आसपास वाढले. लोक म्हणत, हा पलटणीतल्या अन्नाचा गुण. तो म्हणतो, तसे नव्हे. आयुष्यात प्रथमच अंगमेहनतीतून सुटका झाली होती, म्हणून. सैन्यातली कवायत ज्याला विश्रांती वाटली, त्याने शेतावर काय सोसले असेल, हे सांगावयास लेखकाला एकही विशेषण खर्चावे लागलेले नाही. घर मालकाचे, तेव्हा चाकरी गेली की छप्परही गेले, ही त्या काळच्या पुष्कळ इंग्रज मजुरांची स्थिती होती. रेखीव बागांच्या आणि गवताने शाकारलेल्या घरांच्या चित्रांत ती कधी दिसली नाही.

गावात फिरणारी एक परिचारिका आहे. पूर्वी म्हाताऱ्यांना घरात फार मान असे, या समजुतीला ती साफ नाकारते. घरच्यांनी त्यांना कोपऱ्यात ढकललेले तिने पाहिले. काही तर तिला कपाटात सापडले. हे वाचताना आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. दरमहा मनिऑर्डर पाठवून आपले कर्तव्य उरकले असे आम्ही मानीत होतो, त्या वर्षांची आठवण झाली.

पण हे केवळ दैन्याचे पुस्तक नव्हे. चर्चच्या घंटा वाजविणारी मंडळी सुमारे तीन तासांत पाच हजारांवर क्रमबदल, एकही पुन्हा न येऊ देता वाजवितात. त्यांच्याविषयीची पाने आम्हांस सर्वांत आनंददायक वाटली. मंदीच्या काळात स्कॉटलंडहून येऊन येथे शेती करू लागलेल्यांचेही एक प्रकरण आहे. परके म्हणून आलेल्यांची ही हकिकत आपल्या वाचकांनी अवश्य पाहावी.

मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ब्लाइद यांच्यावर घेतलेला आक्षेप असा की, त्यांनी माणसांचे बोलणे कितपत बदलले ते उघड केले नाही. आक्षेप खरा आहे. लोहार, शिक्षक, थडगी खोदणारा, सगळ्यांच्या वाक्यांना एकच सुबक वळण आहे, आणि ते वळण लेखकाचे आहे. स्त्रियांचे आवाजही पुरुषांच्या मानाने थोडेच. पण ब्लाइद हे सफोकच्याच शेतमजुराच्या घरी १९२२ साली जन्मले, चौदाव्या वर्षी शाळा सुटली, पुढे ग्रंथपाल झाले. आपल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त गावाची व्यवस्था एक जाणता सरकारी नोकर समजावून देतो. येथे लेखक मागे सरतो आणि गावच बोलू लागते. भाषा त्याने घासूनपुसून घेतली असेल, परंतु परिचारिकेने सांगितलेले कपाट कोणी शैलीसाठी रचीत नाही. इतिहास म्हणून या पुस्तकाची साक्ष जपून घ्यावी. वाङ्मय म्हणून मात्र ते आम्ही निःशंकपणे पहिल्या प्रतीचे मानतो.

सफोकमध्येच जन्मलेले दिग्दर्शक पीटर हॉल यांनी १९७४ साली या पुस्तकावरून चित्रपट केला. त्यात व्यावसायिक नट नाहीत. परिसरातलीच माणसे आठवडाभर आपापली कामे करून सुटीच्या दिवशी कॅमेऱ्यापुढे उभी राहत, आणि ऋतू यावेत म्हणून चित्रीकरण जवळजवळ वर्षभर चालले. स्वतः ब्लाइद धर्मोपदेशकाच्या वेषात दिसतात. आजोबांच्या अंत्यविधीच्या दिवशी तरुण नातू गाव सोडावे की राहावे या विचारात आहे. आजोबाही एकदा काम शोधीत पायी न्यूमार्केटपर्यंत गेले होते, आणि परत आले होते. आजोबा, बाप आणि नातू या तिन्ही भूमिका एकाच स्थानिक तरुणाने केल्या आहेत.